उमाठेकाकांचा अर्थ

"सूनबाई, तुमच्या घराले अर्थ नाही."

रायपूरमध्ये शेजाऱ्यानं माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. नमस्कार नाही, 'कुठले तुम्ही' नाही, 'पाणी हवं का' नाही. सामानाचा ट्रक दारात उभा, मी गॅसची शेगडी कुठे ठेवावी या विचारात, आणि स्वयंपाकघराच्या दारात एक उंच, वाळका म्हातारा. पायात रबरी चपला, खांद्यावर पंचा आणि हातात खेकड्याच्या नांगीसारखं तोंड असलेलं पिवळं यंत्र. कधी आत आला, कोणी घेतलं, पत्ता नाही.

राज्य नुकतंच नवं झालं होतं. भोपाळच्या कचेरीतली माणसं दोन राज्यांत वाटली गेली. भावाभावांनी भांडी वाटून घेताना एखादं सुटं झाकण भलत्याच्याच वाट्याला जातं, तसे आमचे हे छत्तीसगडच्या वाट्याला आले. झाकणाबरोबर मी आले. मी तेव्हा चाळिशीत होते आणि एम.ए. मराठी होते. या एम.ए.चा उपयोग दुसऱ्यांच्या लग्नपत्रिकेतल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढण्यापलीकडे कधी झाला नव्हता. त्यामुळे 'अर्थ' हा शब्द कानावर पडताच मी अशी काही उसळले की विचारू नका.

"काका," मी मान तिरकी करून म्हटलं, "घराला अर्थ नसतो. घरातल्या माणसांनी तो द्यायचा असतो."

हे वाक्य आपल्या हातून फारच उंच गेलं, असं मला त्या वेळी वाटलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आदर आहे असा माझा समज झाला.

"देतो ना मी!" ते म्हणाले. "आत्ताच देतो. भिंतीवरून वायर टाकतो अन् तुमचा अर्थ आमच्या अर्थाले जोडून देतो. तुमची तार भिंतीत जाऊन तिथंच मेली आहे. जमिनीत गेलीच नाही. काल कोनी कूलर लावला असता त मेला असता."

आता कळलं असेल तुम्हाला. अर्थ म्हणजे अर्थिंग. विजेची गळती झाली तर ती माणसाच्या अंगातून न जाता तारेतून थेट जमिनीत जावी म्हणून घरोघरी केलेली सोय. हे तुम्हाला लगेच कळलं. मला आमच्या ह्यांनी संध्याकाळी समजावून सांगितल्यावर कळलं. तोवर मी त्या म्हाताऱ्याला तत्त्वज्ञ समजून बसले होते. तर असा आमचा गृहप्रवेश. पुढची कितीतरी वर्षं मी एम.ए. मराठी असून शेजाऱ्याच्या अर्थावर जगत होते.

नारायणराव उमाठे हे त्यांचं पूर्ण नाव. वीज खात्यातून निवृत्त. सगळी नोकरी उरला-बीरगांवच्या कारखान्यांत अर्थ तपासण्यात गेली. निरोपसमारंभाला सहकारी म्हणाले, घड्याळ देतो. हे म्हणाले, घड्याळ नको, चिमटा द्या. चिमटा म्हणजे तो पिवळा क्लॅम्प मीटर. इतर यंत्रांनी अर्थ मोजायचा तर तार सोडवा, दूरवर खुंट्या ठोका, असा खटाटोप. काका अभिमानानं सांगायचे, "याले काही तोडायचं नाही, ठोकायचं नाही. नुसती तारेले मिठी मारायची. तो सांगते आतलं."

ओहम हे त्यांचं माप. जितके ओहम कमी तितका अर्थ चांगला. हेही मला सुरुवातीला ठाऊक नव्हतं. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत चिमट्यानं साठ दाखवले तेव्हा मी गिरणीवाल्याचं अभिनंदन केलं. "अहो सूनबाई," काका कपाळाला हात लावून म्हणाले, "हा पेपर नाही! इथं कमी मार्कवाला पहिला येते."

'मोजलं का?' हा त्यांचा पेटंट प्रश्न. आमचे हे म्हणाले, 'आज ऊन फार आहे,' की काका विचारत, "मोजलं का?" साहू दीदी म्हणाली, 'मेरी बहू बहुत सीधी है,' तर "मोजलं का?" साहू दीदी म्हणजे समोरच्या घरातली बाई, पाऱ्यातली, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली, सगळ्यांची मोठी बहीण आणि बातमीपत्र. त्या दिवशी तिनं काकांकडे अशा नजरेनं पाहिलं की ती नजर मोजली असती तर चिमटा फुटला असता.

लग्नाचं निमंत्रण काकांना देताना लोक चार वेळा विचार करत. हे गृहस्थ नवरदेवाला हार पडायच्या आत मांडवामागे जनरेटरपाशी उकिडवे. पंडरीच्या एका कापडवाल्याच्या मुलीच्या लग्नात त्यांनी अक्षता थांबवल्या होत्या. "मंगळसूत्र बांधा तुम्ही दहा वेळा, आधी मांडवाच्या खांबाले अर्थ द्या!" भटजी वैतागले. पण खांबाला हात लावल्यावर भटजींनाच चटका बसला, तेव्हा पुढचे सगळे मंत्र त्यांनी रबरी चपला घालून म्हटले.

रबरी चपला काका कधी काढत नसत. देवळातसुद्धा नाही. म्हणून ते देवळाबाहेरच उभे राहत आणि आत गेलेल्यांना ओरडून सांगत, "घंटीच्या वरून लाइटची वायर गेली आहे, सांभाळून वाजवा!"

आणि माझंच बघा. पहिल्या उन्हाळ्यात भिंतीवरची ती वायर कशानं तरी सुटली आणि दोन दिवस आम्ही तसाच कूलर लावला होता. त्याला हात लागला की माझ्या बोटांत झिणझिण्या येत. मी डॉक्टरकडे जाऊन ताकदीच्या गोळ्या घेऊन आले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याचा हात लागून झिणझिण्या येत नव्हत्या. कूलरचा लागून येतात म्हटल्यावर मला जरा बरंही वाटलं होतं. काकांनी वायर पुन्हा जोडली आणि झिणझिण्या गेल्या. गोळ्या मी संपवल्या. वाया कशाला घालवायच्या?

नव्या राजधानीत तेव्हा जिकडेतिकडे भाड्याच्या बंगल्यांत सरकारी कचेऱ्या उघडत होत्या. काल जिथे कोणाची बैठक होती तिथे आज 'संचालनालय' अशी पाटी. आमच्या पाऱ्याच्या टोकाला अशीच एक कचेरी आली. काका चिमटा घेऊन आत शिरले. चिमटा पाहून चपराशाला वाटलं, दिल्लीहून तपासणी आली. त्यानं खुर्ची दिली, चहा दिला, थेट साहेबांकडे नेलं.

काका गंभीरपणे म्हणाले, "साहब, आपके दफ्तर में अर्थ नहीं है."

साहेबांनी हात जोडले. "जानते हैं चाचाजी. बजट ऊपर अटका है. अगले महीने तक अर्थ की व्यवस्था हो जाएगी."

"अगले महीने तक तो चपरासी मर जाएगा!"

"उसका वेतन हम अपनी जेब से दे रहे हैं," साहेब डोळे पुसत म्हणाले.

काका परत आले ते खूश होऊन. "साहेब बहुत चांगला आहे," ते म्हणाले. "फक्त समजते कमी."

आता मुख्य गोष्टीकडे येते. तिच्यात माझी अक्कल पुरती उघडी पडते, म्हणून इतका वेळ टाळत होते.

काकांच्या घरी अर्थाचे दोन खड्डे होते. त्यांच्या भाषेत पिट. नंबर एक मागच्या परसात, तिथं साधा रॉड. नंबर दोन पुढे, रस्त्यालगत, कुंपणाच्या आत. दोन कशाला, तर एकट्या रॉडवर चिमटा मुका. "करंट एकीकडून उतरन, मग परत यायले दुसरी वाट पाहिजे का नाही? एकटा असला त चिमटा काहीच सांगत नाही," काका म्हणत. मागचा रॉड त्यांनी कधी फारसा पाहिला नाही. सगळं लक्ष पुढच्यावर. जमिनीतून हातभर वर आलेली काळी नळी, तिच्याभोवती सिमेंटचा छोटा ओटा.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो ओटा दिसायचा. रोज सकाळी काका आंघोळ करून, ओल्या अंगावर पंचा गुंडाळून बादली घेऊन येत. त्या नळीत हळूहळू, धार न तोडता पाणी सोडत. मग समोर उकिडवे बसत, चिमटा लावत, एक डोळा मिटत आणि काहीतरी पुटपुटत. मला त्यातलं शेवटचंच ऐकू यायचं: "...ओम."

सांगा, काळी नळी, पाण्याची धार, ओलेतं अंग आणि 'ओम'. कोणीही काय समजेल? कोणीही नसेल समजलं, पण मी समजले.

एका सकाळी काका बीरगांवला कोणाकडे गेले होते. मी फाटकातून आत जाऊन त्या नळीला हळदकुंकू वाहिलं, कण्हेरीचं फूल ठेवलं आणि मनोभावे नमस्कार केला. मागे वळते तो साहू दीदी उभी.

"ये कौन से भगवान हैं?" तिनं मला विचारलं.

आता एम.ए. झालेल्या बाईनं 'ठाऊक नाही' म्हणायचं? काका दिवसभर अर्थ अर्थ करतात, एवढंच डोक्यात होतं.

"अर्थेश्वर," मी म्हटलं. आणि कमी पडायला नको म्हणून जोडलं, "स्वयंभू आहेत."

"हव?" साहू दीदीचे डोळे मोठे झाले. 'हव' म्हणजे हो. तिनं तिथल्या तिथे एक पूर्ण बादली नळीत रिकामी केली आणि सुनेच्या स्वभावासाठी काहीतरी मागितलं.

दुपारी काका आले. नळीला कुंकू, ओट्यावर फुलं, साखरफुटाणे, आणि साखरफुटाण्यांना मुंग्या. मी खिडकीच्या पडद्यामागे.

"हे कोनं केलं?" काका गरजले. मग सवयीनं चिमटा लावला. आकडा पाहिला. पुन्हा पाहिला. आणि चेहरा असा उजळला की बस्स.

"सूनबाई! पडद्यामागं काहून उभ्या आहा, बाहेर या! किती पाणी टाकलं तुम्ही? रीडिंग बहुत उतरलं!"

जमीन ओली राहिली की अर्थ चांगला राहतो, हे मला त्या दिवशी समजलं. काकांना समजलं ते त्याहून मोठं होतं: अख्खा पारा फुकटात पाणी घालायला तयार आहे.

पण त्यांनी त्या नळीला एकदाही देव म्हटलं नाही, हे लक्षात ठेवा. फक्त खरं तेच सांगत. "दूध नका टाकू, मुंग्या होतात. पाणी टाका. जमलं त खडे मीठ." सावनात बायकांची रांग लागली. इथला सावन आपल्या श्रावणाआधी पंधरा दिवस लागतो, म्हणून आधी साहू दीदीच्या सोमवारांचं पाणी आणि मग आमच्या सोमवारांचं. काका मात्र कुरकुरले. "पावसाळ्यात जमीन भिजलेलीच असते. याले तहान लागते वैशाखात."

झालं! अर्थेश्वराचा महिना वैशाख ठरला. रायपूरच्या त्या उन्हात, डांबर वितळत असताना, बायका डोक्यावर पदर घेऊन मिठाचं पाणी घालायला येऊ लागल्या. श्रद्धेनं चपला काढत आणि काका घरातून ओरडत, "चपला घाला, चपला! तळपाय भाजतीन!" चपला घालून ज्याची पूजा करायची असा देव आमच्याच पाऱ्यात होता.

हे सगळं मी माझ्या नातीला सांगते तेव्हा ती म्हणते, "आजी, तुम सच में इतनी बुद्धू थी?" मी म्हणते, "पोट्टे, मोजलं का?"

एक गोष्ट मात्र मला खटकायची. उमाठेकाकू आम्ही येण्याआधीच गेल्या होत्या. मुलगा दूर बंगळूरला. काकांच्या घरात काकूंचा साधा फोटोही नव्हता. त्यांचं नावसुद्धा कधी तोंडी आलं नाही. मी मनात निकाल देऊन टाकला होता: माणूस कोरडा आहे. वीज उतरते, बाकी काही उतरत नाही.

मग एका थंडीत पाऱ्यात चुन्याची रेघ आली.

राजधानी झाली म्हणजे गाड्या वाढणार, गाड्या वाढल्या म्हणजे रस्ता रुंद होणार. रेघ सगळ्यांच्या अंगणाचा एकेक काठ कापत आली आणि काकांच्या इथं बरोबर पिट नंबर दोनवरून गेली. लोकांनी आपापली मेंदी, आपापले ओटे यांच्यासाठी कुरकुर केली आणि मान्य केलं. काका मान्य करेनात.

"मागचा घ्या," ते रस्त्याच्या ओव्हरसियरला म्हणाले. "नंबर एक खुशाल घ्या. घर घ्या अर्धं. दोन नाही देत."

ओव्हरसियर तरुण होता, बोलायला गोड होता. "अंकल, लाइन ऊपर से आई है. ये पाइप निकालकर उधर गाड़ लीजिए न. पाइप ही तो है."

"सेट झालेला पिट हलवत नसतात," काका म्हणाले. हे त्यांनी त्याला मराठीतच सांगितलं, आणि मग कोणी काही विचारलं तरी तेवढंच सांगत राहिले.

त्या आठवड्यात काकांनी कोणाचाही अर्थ मोजला नाही. आमच्या ह्यांनी मुद्दाम म्हटलं, "आज गारठा जास्तच आहे हं, काका." काका नुसतं "हो" म्हणाले. तेव्हा मी घाबरले. रोज सकाळी ते ओट्याजवळ बसत, पण चिमटा न लावता. रेघेवरचा चुना चपलेनं हळूच पुसत आणि कोणी पाहिलं की थांबत.

उपाय साहू दीदीनं काढला. तिनं एक भगवा झेंडा आणला, घंटा आणली, ओट्याला गेरू लावला. "भगवान ला कोन हटाही?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "अर्थेश्वर महादेव का मंदिर है. काका, आप बस हव बोल देना."

ओव्हरसियर आला तेव्हा पारा जमला होता. त्यानं झेंडा पाहिला, घंटा पाहिली, गेरू अजून ओला होता तोही पाहिला. त्याला सगळं समजलं असावं. पण माणूस चांगला होता.

"अंकल," तो हळू आवाजात म्हणाला, "मंदिर हो तो बता दीजिए. मैं ऊपर बोल दूँगा, लाइन थोड़ी घूम जाएगी. आपको सिर्फ हाँ कहना है."

सगळे काकांकडे बघू लागले. मी तर त्यांच्या पाठीशीच उभी होते. "काका, हो म्हणा," मी कुजबुजले. "एक शब्द. पाप लागलं तर मला लागू दे, देव मीच केलाय."

काकांनी नळीकडे पाहिलं. तिच्यावर साहू दीदीनं झेंडूची माळ घातली होती. वाटलं, आता म्हणतील.

"साहब," ते म्हणाले, "ये मंदिर नहीं है. अर्थ पिट है. प्लेट टाइप. कोयला-नमक भरा हुआ. रीडिंग पौने दो."

ओव्हरसियरनं मान खाली घातली. साहू दीदीनं घंटा उचलली आणि घरी गेली. मी मात्र गप्प बसणाऱ्यांतली नाही.

"काका, काहून असं केलं?" माझ्या तोंडून त्यांचीच बोली निघाली. "तुमचंच तर वाचणार होतं!"

"सूनबाई, जिंदगीत खोटं रीडिंग दिलं नाही कोनाले," काका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "इथं कसं देऊ? इथं त नाहीच देत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मजूर आले. पहिलं फावडं पडलं तेव्हा काका खुर्ची टाकून बाहेर बसले होते. माती निघाली, मग कोळशाचा काळा थर लागला. काका झटक्यात उठले.

"रुको. सब हट जाओ."

आणि तो वाळका म्हातारा खड्ड्यात उतरला. हातांनी कोळसा बाजूला करू लागला. मजूर एकमेकांकडे बघत राहिले. आम्ही काठावर वाकलो. थोड्या वेळानं खालून काहीतरी हिरवट, गोल, पालथं घातलेलं दिसू लागलं.

"हंडा!" साहू दीदी किंचाळली. रुसवा विसरून ती सगळ्यांच्या पुढे येऊन उभी होती. "हंडा निकला! धन है धन! हम कहते थे न, स्वयंभू हैं!"

मजूर दोन पावलं मागे सरकले. एकानं तर हातही जोडले.

काकांनी ते उलटं केलं. धन नव्हतं. ते एक गंगाळ होतं, आंघोळीचं पाणी काढायचं तांब्याचं रुंद भांडं. दोन बाजूंना दोन कड्या. एका कडीला अर्थाची पट्टी नटबोल्टनं घट्ट आवळलेली. काकांनी पंच्यानं त्याचा काठ पुसला. हिरव्या गंजाखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं होती. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर घालतात तशी.

अक्षर दिसलं की मी वाचते, ही माझी खोड. "चि. सौ. कां. शालिनी हिस मामाकडून," मी मोठ्यानं वाचलं आणि तिथंच थांबले.

"शालिनी कौन?" साहू दीदीनं विचारलं.

"घरवाली," काका म्हणाले.

काका खड्ड्यातच गंगाळ मांडीवर घेऊन बसले आणि आमच्याकडे न बघता बोलू लागले. जणू एखाद्या कारखान्यात कोणी साहेब खुलासा मागत होता.

"ती गेली त मुलगा म्हणे, बाबा, भांडी मोडीत देऊन टाका. बाकीची दिली. हे नाही देता आलं. घरात ठेवलं त न्हाणीत गेलो का दिसे. अन् मले पिटासाठी तांब्याची प्लेट पाहिजेच होती. तांबं तांबंच असते. टेक्निकली काही फरक नाही." मग गंगाळाचा काठ पुन्हा पुसत, "तिले विचारलं असतं त डोस्कं फोडलं असतं माझं. तिच्या मामानं नागपूरहून आणलं होतं, रेल्वेत मांडीवर घेऊन."

रोज सकाळची ती न तुटणारी धार माझ्या डोळ्यांसमोर आली. मी नाकाला पदर लावला आणि धूळ फार उडते म्हणून मजुरांवर उगाच ओरडले.

"काका, पॉलिश करा लो," साहू दीदी अगदी मऊपणे म्हणाली. "बैठक में सजा देंगे. बड़े घरों में रखते हैं आजकल, फूल-पत्ती लगाके."

"रोज दिसन ना मग," काका म्हणाले.

ते गंगाळ घेऊन मागच्या परसात गेले. मी मागोमाग. त्यांनी एक नंबरच्या रॉडला चिमटा लावला. चिमट्यावर काहीच आलं नाही. एकटा रॉड. ते तसेच चिमटा धरून उभे राहिले. त्यांना माहीत होतं काही येणार नाही, मलाही आता एवढं कळत होतं.

"काका," मी म्हटलं, "आमच्या अंगणात पेरूजवळ जागा आहे. रस्त्यापासून लांब. रेघ तिथवर येत नाही."

"तुमचं घर आहे सूनबाई."

"तर काय झालं? भिंत एकच आहे. वायर आधीच टाकलेली आहे."

"तुमच्या साहेबाले विचारा एकदा."

"साहेबांना मी लग्नापासून कधी विचारलं नाही, आता कशाला सवय लावू?"

काका हसले. बऱ्याच दिवसांनी.

भनपुरीहून कोळसा आला. मीठ साहू दीदीनं दिलं, तिच्या लोणच्यासाठी आणलेलं. आमच्या ह्यांनी सुट्टी घेऊन खड्डा खणला आणि कंबर धरून बसले. काकांनी गंगाळ आपल्या हातांनी उतरवलं. मातीचा शेवटचा ढीग दाबून झाला, नळी बसवली, पाणी घातलं, वायर जोडली. मग काका उकिडवे बसले आणि एक डोळा मिटून चिमटा लावला.

मी त्यांच्या खांद्यावरून डोकावले. आकडा बराच वर होता. आधीच्या कितीतरी पट.

"काही बिघडलं का हो, काका?"

"नाही, नाही." त्यांनी चिमटा काढला आणि मातीवर तळहात ठेवला. "माती नवी आहे. बसाले वेळ लागते. दोन-तीन पाऊस पडले का उतरन." मग ते एकदम हळू बोलले, माझ्याशी की आणखी कोणाशी ते मला अजून सांगता येत नाही. "लग्न होऊन आली तेव्हाही असंच. कित्येक दिवस कोनाशी बोलली नाही. नव्या जागी ती लवकर रुळत नाही."

"राहू द्या," मी म्हटलं. "रोज सकाळी भांडी घासायला मी इथंच बसते. मी बोलत जाईन तिच्याशी."